डोलकाठी मोडल्यावर

संस्कृत कोशकारांनीं शब्द नोंदवितांना कधीं कधीं इतकी सूक्ष्म दृष्टि दाखविली आहे कीं, आजच्या यंत्रविशारदानेंहि क्षणभर थांबावें. अमरकोशाच्या वारिवर्गांत नौकेच्या अंगोपांगांचीं नांवें आलीं आहेत; त्यांत डोलकाठीसाठीं 'कूपक' व 'गुणवृक्षक' असे दोन शब्द आहेत. येथें गुण म्हणजे सद्गुण नव्हे. गुण म्हणजे दोर. दोरांचा वृक्ष तो गुणवृक्षक. नौका बांधून ठेवण्याचा खुंट असाहि त्याचा एक अर्थ करितात. परंतु आम्हांस डोलकाठीचाच अर्थ अधिक गोड वाटतो. शाळेंत तो पाठ करणाऱ्या मुलास हा केवळ आणखी एक पर्याय वाटेल. पण शिडाच्या नौकेची रचना जो नीट समजून घेईल, त्यास दिसून येईल कीं, डोलकाठीचें सारें मर्म त्या एका शब्दांत सांठविलेलें आहे. रानांतला वृक्ष मुळांच्या बळावर उभा असतो. नौकेवरचा हा वृक्ष दोरांच्या बळावर उभा असतो. दोर गेले कीं वृक्ष गेला.

आजच्या सागरगामी शिडाच्या नौकेची डोलकाठी म्हणजे लांकडाचा भरीव सोट नव्हे. चाळीस-पन्नास फूट उंचीची ती एक पोकळ नळी असते. कधीं ॲल्युमिनमची, कधीं कार्बनच्या तंतूंची. तंबूचा खांब तणाव्यांनीं धरावा त्याप्रमाणें पुढून, मागून व दोन्ही बाजूंनीं पोलादी तारांचे तणावे देऊन तिला उभी ठेविलेली असते. वारा शिडास ढकलूं लागला कीं वाऱ्याकडील तणाव्यांवर सारा भार येतो, आणि ते जितके ओढले जातात तितक्या जोरानें डोलकाठी खालीं, नौकेच्या तळाकडे दाबली जाते. म्हणजे पाहणाऱ्यास ती वाऱ्याशीं झुंजत उभी आहे असें वाटलें, तरी तिचें खरें काम दोन्ही टोंकांकडून चेंपलें जाण्याचें आहे. वेताची बारीक छडी दोन्ही टोंकांकडून दाबली असतां ती मध्यें फुगते आणि एकाएकीं मोडते, हें जुन्या पिढीच्या मास्तरांस निराळें सांगावयास नको.

तणाव्याचें खालचें टोंक नौकेच्या कडेस एका धातूच्या पट्टीला बोटाएवढ्या जाडीच्या खिळीनें अडकविलेलें असतें. ती खीळ झिजली, अथवा तारेच्या पेडांतले दोन-चार तंतू खाऱ्या हवेनें गंजून तुटले, तर वरून कांहीं दिसत नाहीं. मग एखाद्या रात्रीं साध्याच वाऱ्यांत ती खीळ तुटते, आणि लाखों रुपये मोलाची डोलकाठी चार आण्यांच्या वस्तूपायीं समुद्रांत पडते. जाणते नाविक म्हणूनच बंदर सोडण्यापूर्वीं डोलकाठीकडे कमी आणि तिच्या खिळ्यांकडे अधिक पाहतात. डोलकाठी मोडण्याचें दुसरें कारण अधिक भयंकर आहे. महासागरांतील उंच लाट फुटतांना नौकेस आडवी पाडते, प्रसंगीं पार उलटी करते. नौकेच्या तळाशीं शिशाचें किंवा लोखंडाचें वजन असल्यामुळें ती पुन्हां सुलटी होते खरी. पण तेवढ्यांत डोलकाठी आपल्या सर्व तारांसह पाण्यांतून फिरलेली असते, आणि त्या पाण्याच्या रेट्यापुढें तिचा टिकाव लागत नाहीं.

आपल्या कोंकणपट्टीवरील मचव्यांची व गलबतांची जुनी तऱ्हा निराळी होती. त्यांची डोलकाठी आंखूड, जाड व नाळेकडे कललेली; शीड तिला बांधलेलें नसून परबाण नांवाच्या लांब तिरक्या काठीस बांधलेलें असे. वादळ दिसलें कीं परबाण खालीं घ्यावें, एवढी सोय त्यांत होती. पुन्नागाच्या जातीच्या सरळ झाडांचे सोट डोलकाठीसाठीं मागविले जात. धर्मशास्त्रकारांनीं कलिवर्ज्यांत समुद्रयान घालून द्विजांस काठावर बसविलें, त्यामुळें ह्या विद्येचें शब्दभांडार तांडेलांच्या तोंडीं राहिलें आणि आम्हां पुस्तकी लोकांस डोलकाठीचे दोन संस्कृत पर्याय तेवढे उरले!

असो. डोलकाठी मोडल्यावर दुरुस्तीचें पहिलें काम नवी उभारण्याचें असेल, असा आपला समज होतो. पण तें तसें नाहीं. पहिलें काम कापण्याचें असतें. पडलेली काठी वाहून जात नाहीं. तारांनीं ती नौकेस बांधलेलीच असते. ती बाजूला पाण्यांत लोंबकळत राहते आणि प्रत्येक लाटेबरोबर तिचें फाटलेलें टोंक नौकेच्या अंगावर मुसळासारखें आदळूं लागतें. कालपर्यंत जिच्या जोरावर नौका चालत होती, तीच आतां तिला भोंक पाडावयास उठलेली असते. म्हणून दूर जाणाऱ्या नौकेवर तारा तोडण्याची मोठी कातर, लोखंड कापण्याची करवत व हातोडा हीं हत्यारें अंधारांतहि सांपडतील अशा जागीं ठेविलेलीं असतात. कित्येकदां तार कापण्यापेक्षां तिची खीळ ठोकून काढणें सोपें जातें. हें सर्व काम नौका कोणत्या स्थितींत असतांना करावयाचें, तेंहि लक्षांत घेतलें पाहिजे. उंच डोलकाठीच्या जडपणामुळें नौकेचें हेलकावणें संथ होत असतें. ती गेली कीं नौका लाटेगणिक झटके देऊन डोलूं लागते. उभें राहणें अशक्य होतें. माणूस रांगत, एका हातानें नौकेस धरून, दुसऱ्या हातानें तारा तोडीत असतो.

आणि येथेंच खरा पेंच पडतो. जें आपण कापून समुद्रास देणार, तेंच उद्यां दुरुस्तीचें सामान आहे. काठीचा एखादा वीस फुटांचा तुकडा, कांहीं वाव तार, शिडाची खालची आडवी दांडी, दोन कप्प्या, एवढें जरी वांचलें तरी त्यांतून कामचलाऊ डोलकाठी उभी राहते. सर्वच गेलें तर हजार मैलांचा समुद्र नुसता पाहत बसावा लागतो. पण तो तुकडा वांचविण्याच्या लोभानें तासभर उशीर झाला आणि तेवढ्यांत नौकेस भोंक पडलें, तर तुकडाहि गेला आणि नौकाहि गेली. किती सोडावें आणि किती राखावें, ह्याचा निर्णय अंधारांत, भिजलेल्या अंगानें, मिनिटां-दोन मिनिटांत घ्यावा लागतो.

ह्या विषयावरचीं जीं वर्णनें आमच्या वाचनांत आलीं, त्यांत 'त्झू हांग' ह्या नौकेची हकीकत आम्हांस सर्वांत मोलाची वाटते. ही सेहेचाळीस फुटांची, दोन डोलकाठ्यांची, सागवानी नौका हाँगकाँग येथें १९३८ सालीं बांधलेली. तिचे मालक माइल्स स्मीटन व त्यांच्या पत्नी बेरिल. स्मीटन हे पूर्वाश्रमीं हिंदी सैन्यांतले अधिकारी. ब्रिगेडियरच्या हुद्द्यापर्यंत चढलेले. हें जोडपें मूळचें समुद्रावरचें नव्हे, डोंगरांवरचें. १९३९ सालीं तिरिचमीर पर्वतावरच्या त्यांच्या मोहिमेंत तेनसिंग नोर्गे त्यांच्याबरोबर होते, म्हणजे एव्हरेस्टच्या विजयापूर्वीं चौदा वर्षें. १९५६ च्या डिसेंबरांत हीं दोघें मेलबर्नहून निघून, दक्षिण अमेरिकेच्या टोंकास वळसा घालून इंग्लंडला जावयाचें ठरवून चाललीं. बरोबर जॉन गझवेल नांवाचा एक तरुण होता, आणि प्वे नांवाचें एक सयामी मांजर. गझवेलनें स्वतःच्या हातांनीं बांधलेल्या जेमतेम वीस फुटांच्या 'ट्रेका' नांवाच्या नौकेंतून एकट्यानें पृथ्वीप्रदक्षिणा आरंभिली होती. ती नौका न्यूझीलंडांत ठेवून तो ह्या जोडप्याच्या सोबतीस आला होता. तो उत्तम सुतार होता. ह्या गोष्टीकडे वाचकांनीं लक्ष ठेवावें.

१४ फेब्रुवारी १९५७ रोजीं, चिलीच्या किनाऱ्यापासून सुमारें हजार मैल पश्चिमेस, नौका मोठ्या वादळांत सांपडली. शिडें उतरविलेलीं होतीं. वेग आवरण्यासाठीं मागें एक जाड लांब दोर सोडलेला होता. सुकाणूंवर बेरिलबाई होत्या. एक लाट अशी आली कीं, नाळ पाण्यांत रुतली, मागची बाजू वर उचलली गेली आणि त्या सेहेचाळीस फुटी नौकेनें सबंध कोलांटी उडी घेतली. बाईंची कमरेची दोरी तुटून त्या समुद्रांत फेंकल्या गेल्या. दोघे पुरुष वर येऊन पाहतात तों दोन्ही डोलकाठ्या गेलेल्या, सुकाणूं गेलेलें, नौकेवरची लांकडी खोली मुळापासून उखडून तेथें सहा फूट लांबीरुंदीचें भगदाड पडलेलें, आणि आंत पाणीच पाणी. बाई कांहीं अंतरावर पाण्यांत दिसत होत्या. मोडलेल्या मागच्या डोलकाठीचा सांगाडा तारांनीं अडकून पाण्यांत तरंगत होता. जखमी अवस्थेंत त्या पोहत त्याच्यापाशीं आल्या आणि तेथून त्यांना वर ओढून घेतां आलें. मोडकी डोलकाठी तत्काळ तोडून टाकावी, हा नियम खरा. पण तो जर त्या दिवशीं पांच मिनिटें आधीं पाळला गेला असता, तर बाईंस धरावयास कांहीं राहिलें नसतें.

ब्रिगेडियर स्मीटन ह्यांनीं पुढें आपल्या पुस्तकांत मोकळेपणानें लिहिलें आहे कीं, आतां सर्व संपलें असें त्यांच्या मनानें घेतलें होतें. बेरिलबाईंच्या मनांत मात्र वेगळाच विचार चालू होता. बादल्या कोठें आहेत हें आपणांस ठाऊक आहे, असें त्या म्हणाल्या. ज्यांच्या घरांत मोठें कुटुंब एका गृहिणीच्या स्मरणशक्तीवर चालतें, त्या आमच्या वाचकांस ह्या बोलाचें नवल वाटणार नाहीं. पूर्ण उलटलेल्या नौकेंत, जेथें कोणतीच वस्तु आपल्या जागीं राहिली नव्हती, तेथें बादली कोठें जाऊन पडली असेल ह्याचा अंदाज बाईंनीं बांधला, आणि त्या बादल्यांनीं पाणी उपसण्यास आरंभ झाला. पुढच्या लाटेचें पाणी भगदाडांतून आंत येऊं नये म्हणून गझवेलनें वांचलेल्या फळ्या आडव्या टाकल्या, त्यांवर शिडाचें कापड ताणलें व खिळे मारून तें पक्कें केलें. तासांमागून तास उपसा चालला, तेव्हां कोठें नौका तरंगण्याच्या बेतांत आली. मांजरहि जिवंत सांपडलें.

नंतरचे दिवस सुतारकामाचे. आमच्या मतें ह्या हकीकतीचा गाभा वादळांत नसून ह्या दिवसांत आहे; वादळाचें वर्णन पुष्कळ लोक करतात. डोलकाठी तर नाहीं, आणि डोलकाठीजोगें अखंड लांकूडहि नाहीं. होते ते नौकेच्या आंतल्या जोडकामाचे तुकडे. एरवीं नौका ज्यांच्या योगें घर वाटते, तीं लांकडें सुटीं करून, फोडून, एकास एक जोडीत जावयाचें, आणि वाऱ्याचा दाब सोसेल अशी काठी त्यांतून तयार करावयाची, हें काम गझवेलनें हलत्या, ओल्या, थंड नौकेवर केलें. हातांशीं असलेल्या दांड्यांचें एक लहान शीड आधीं उभें राहिलें. मग त्याहून उंच काठी. गेलेल्या सुकाणूंच्या जागीं वल्ह्यासारखें लांब सुकाणूं बनविलें. मोठ्या शिडाच्या मानानें हें शीड म्हणजे धोतराच्या मानानें पंचा! परंतु नौकेस एकदां ठराविक दिशेनें पाण्यांत गति आली कीं ती पुन्हां नौका होते. तोंपर्यंत ती तरंगणारें लांकूड असते. त्यांनीं नौका आधीं उत्तरेकडे, सौम्य वाऱ्यांच्या पट्ट्यांत घेतली, आणि महिन्याहून अधिक काळानें, कोणाची मदत न घेतां, चिलीच्या कोरोनेल बंदरांत ती लागली.

तेथून जवळच्या ताल्काहुआनो येथील चिलीच्या आरमाराच्या गोदींत नवीन डोलकाठ्या, नवें सुकाणूं, नवी खोली असें सर्व काम झालें. गझवेल आपल्या 'ट्रेका'कडे परतला, आणि १९५९ सालीं त्यानें तिची प्रदक्षिणा पूर्ण केली. स्मीटन पतिपत्नी मात्र १९५७ च्या डिसेंबरांत पुन्हां त्याच वाटेनें निघालीं. आणि आश्चर्य असें कीं, त्याच महिन्यांत दुसऱ्या एका वादळानें नौका कुशीवर लोळवून दोन्ही डोलकाठ्या पुन्हां मोडल्या! ह्या खेपेस सुतार बरोबर नव्हता. पण त्याचें काम जवळून पाहिलेलीं दोन माणसें होतीं. त्या दोघांनींच कामचलाऊ शीड उभारून नौका वाल्पारायसो बंदरास आणली. एकदां पुरे, अशा अर्थाचें नांव स्मीटन ह्यांनीं आपल्या पुस्तकास दिलें आहे, त्यांतली थट्टा ह्यावरून कळून येईल. शेवटीं १९६८ सालीं त्याच नौकेनें एका तरुण साथीदारासह त्यांनीं केप हॉर्नचा वळसा पुरा केलाच, तोहि पूर्वेकडून पश्चिमेकडे, म्हणजे वाऱ्याच्या तोंडावर.

लांकडाला खिळा मारतां येतो, म्हणून गझवेलचें काम झालें, असें कोणी म्हणेल. आजच्या कार्बनी काठीचें काय? ती कोळशाच्या सूक्ष्म तंतूंचें कापड राळेंत भिजवून, भट्टींत तापवून, कडक केलेली असते. पोलादाहून हलकी आणि मोठी ताठ. पण मोडली कीं बोरूसारखी चिरफळते. तिला खिळा चालत नाहीं. तिच्या दुरुस्तीस नवें कापड व नवी राळ लागते, आणि ती राळ ऊब मिळाल्याखेरीज आळत नाहीं.

फ्रान्समधून निघून एकट्यानें, न थांबतां व कोणाची मदत न घेतां पृथ्वीप्रदक्षिणा करण्याची 'व्हांदे ग्लोब' नांवाची शर्यत आहे. २००० सालच्या ९ नोव्हेंबरास निघालेल्या ह्या शर्यतींत ईव्ह पार्लिए हा नाविक डिसेंबर महिन्यांत दक्षिणेकडील समुद्रांत आघाडीच्या नाविकांत असतां त्याची डोलकाठी मोडली. नियम असा कीं, नांगर टाकण्यास हरकत नाहीं. परंतु परक्या हाताचा स्पर्श झाला कीं शर्यत संपली. पार्लिएनें मोडक्या काठीचे तुकडे जपून ठेविले, तोकड्या शिडावर न्यूझीलंडच्या दक्षिणेस असलेल्या स्टुअर्ट बेटापर्यंत नौका आणली, आणि तेथें किनाऱ्याच्या आडोशास नांगर टाकून, समोर वस्तीचें बेट दिसत असतां, नौकेवर एकटाच कामास लागला. काठीचे तुकडे एकांत एक बसवून त्यांवर राळेंत भिजविलेलें कार्बनचें कापड गुंडाळलें. आतां ऊब कोठून आणावी? त्यानें त्या सांध्याभोंवतीं विजेचे पंचवीस पंचवीस वॅटचे लहान दिवे लावले, आणि थंडींत अंगाभोंवतीं गुंडाळावयाची जी चकचकीत पातळ पांघरुणें संकटकाळासाठीं नौकेवर असतात, तीं त्यांवरून लपेटलीं. दिव्यांची ऊब आंत कोंडली जाऊन भट्टी तयार झाली. अंड्यांतून पिलें काढणाऱ्या कुक्कुटपालकाची ही युक्ति. पण ती त्या ठिकाणीं सुचणें ह्यांतच सर्व आलें.

मग ती काठी उभी करणें. दहा माणसें व यारी लागावयाची तें काम एकट्यानें, दांड्यांची तिकाटणी, कप्प्या आणि दोर ओढण्याचीं चक्रें ह्यांच्या साह्यानें पुरें केलें. नवी काठी मूळच्याहून पुष्कळ आंखूड झाली होती. नौकेवरचें अन्न संपत आलें होतें, तेव्हां समुद्रांतील शेवाळ काढून तो खाऊं लागला. जानेवारींत त्यानें नांगर उचलला, आणि १६ मार्च २००१ रोजीं, निघाल्यापासून जवळजवळ १२७ दिवसांनीं, तो फ्रान्सला पोंचला. पहिला आलेला मिशेल देज्वायो ९३ दिवसांत येऊन महिना उलटून गेला होता. पार्लिएचा क्रमांक तेरावा. आमच्या परिचयाच्या एका गणिताच्या शिक्षकास ही गोष्ट सांगितली, तेव्हां त्यांनीं विचारलें, "तेराव्या क्रमांकासाठीं एवढा खटाटोप?" त्यांना काय उत्तर द्यावें तें आम्हांस सुचलें नाहीं, मात्र पहिल्या आलेल्याची हकीकत त्यांना सांगावी असें आमच्या मनांत आलें नव्हतें, हें खरें.

आतां आपल्या घराजवळच्या एका नौकेकडे वळूं. न थांबतां एकट्यानें पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला मनुष्य रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन. १४ जून १९६८ रोजीं निघून २२ एप्रिल १९६९ रोजीं, ३१२ दिवसांनीं, तो इंग्लंडला परत आला. त्याची 'सुहेली' ही बत्तीस फुटी नौका मुंबईंत, हिंदी कारागिरांच्या हातून, सागाच्या लांकडांत बांधलेली होती, ही गोष्ट आपल्याकडे फार थोड्यांस माहीत असते. त्या प्रवासास पन्नास वर्षें झालीं म्हणून २०१८ सालीं जुन्याच धर्तीच्या नौकांची व जुन्याच साधनांची 'गोल्डन ग्लोब' शर्यत झाली. तींत आपल्या आरमारांतील अभिलाष टॉमी हे 'सुहेली'च्याच नमुन्यावर गोव्यांत रत्नाकर दांडेकर ह्यांच्या गोदींत बांधलेली 'थुरिया' घेऊन उतरले. नांव उपनिषदांतील 'तुरीय' ह्या चौथ्या अवस्थेवरून घेतलेलें. टॉमी ह्यांनीं ह्यापूर्वींच, २०१२-१३ सालीं, 'म्हादेई' ह्या नौकेंतून मुंबईहून निघून मुंबईसच परत येत, न थांबतां प्रदक्षिणा केली होती. तीहि नौका त्याच दांडेकरांच्या हातची.

२१ सप्टेंबर २०१८ रोजीं हिंदी महासागराच्या दक्षिण भागांत, ऑस्ट्रेलियाच्या पर्थ शहरापासून सुमारें एकोणीसशें सागरी मैलांवर, 'थुरिया' वादळांत उलटी झाली. डोलकाठी मोडली. टॉमी ह्यांच्या पाठीच्या मणक्यांस इजा होऊन त्यांना उठतां येईना. येथें दुरुस्तीचा प्रश्नच उरला नाहीं. काठी मोडली तर माणूस ती सांधील. माणसाचाच कणा दुखावला तर नौकेस कोण सांधणार? आपण हालूं शकत नाहीं एवढा निरोप त्यांनीं आपल्याजवळच्या यंत्रावरून पाठविला आणि ते पडून राहिले. कोणी ह्यास हार म्हणतात. आम्हांस तें पटत नाहीं.

त्याच वादळांत, तेथून नव्वदेक मैलांवर, आयर्लंडच्या ग्रेगर मॅकगकिन ह्याची दोन डोलकाठ्यांची नौकाहि उलटली व तिच्या दोन्ही काठ्या गेल्या. तो स्वतः धड होता. त्यानें तुटकें सामान तोडून टाकिलें, उरलेल्या दांड्यांतून कामचलाऊ डोलकाठी उभारली, तीवर लहानसें शीड चढविलें. रीतीप्रमाणें ह्यानंतर नाविक जवळचें बंदर व अनुकूल वारा शोधतो. मॅकगकिननें तें फडकें शीड टॉमी ह्यांच्या नौकेकडे वळविलें. त्याची गति ती काय असणार! गोगलगाय धांवली तर किती धांवेल? २४ सप्टेंबर रोजीं फ्रान्सचें 'ओसिरिस' नांवाचें मासेमारीवर देखरेख करणारें जहाज आधीं टॉमी ह्यांच्यापाशीं पोंचलें, त्यांना वर घेतलें, आणि त्याच दिवशीं तें मॅकगकिनकडेहि गेलें. दोघांनाहि ॲमस्टरडॅम बेटावर नेण्यांत आलें. तेथून आपल्या आरमाराच्या 'सातपुडा' ह्या युद्धनौकेनें टॉमी ह्यांना स्वदेशीं आणलें. मॅकगकिनच्या त्या डोलकाठीनें कोणालाहि वांचविलें नाहीं. तरी ह्या लेखांत जेवढ्या डोलकाठ्या आल्या, त्यांत आम्हांस तीच सर्वांत उंच वाटते.

ह्याच शर्यतींतली आणखी एक हकीकत वयस्क वाचकांसाठीं सांगावीशी वाटते. झां-ल्यूक व्हान डेन हीड हा फ्रेंच नाविक तेव्हां त्र्याहत्तर वर्षांचा होता. नोव्हेंबरांत दक्षिण पॅसिफिक महासागरांत त्याची नौका लोळली. काठी मोडली नाहीं. पण खालच्या तणाव्यांस धरणाऱ्या खिळीनें काठीलाच चीर पाडली. म्हणजे ती मोडावयाचीच काय ती राहिली होती. आरंभीं त्यानें चिलीकडे जाऊन दुरुस्ती करण्याचा विचार केला. मग तो स्वतःच डोलकाठीवर चढला, उतरला, समुद्र निवळला तेव्हां पुन्हां चढला. असें अनेक वेळां करून त्यानें तो जोड पक्का केला. पुढें केप हॉर्न ओलांडून अटलांटिकभर तो शीड बेतानें लावीत, काठीला जपत जपत आला, आणि २९ जानेवारी २०१९ रोजीं शर्यतींत पहिला आला. त्र्याहत्तराव्या वर्षीं जिन्याच्या कठड्यास हात न लावतां वर जाणें आमच्यांतल्या किती जणांस साधतें, हा प्रश्न आम्ही विचारीत नाहीं.

आणि टॉमी? २०२२ च्या सप्टेंबरांत ते त्याच शर्यतींत 'बयानात' नांवाची दुसरी नौका घेऊन पुन्हां उतरले. ह्या वेळीं डोलकाठी शेवटपर्यंत उभी राहिली. परंतु वाऱ्याच्या बळावर नौकेची दिशा राखणारें जें यंत्र एकट्या नाविकाचा दुसरा हात असतें, तें वाटेंत पुन्हां पुन्हां मोडूं लागलें. बदलावयाचे सुटे भाग संपले. तेव्हां त्यांनीं नौकेवर लांकूड कोठें कोठें आहे ह्याचा शोध घेतला, आणि शौचकूपाचें दार काढून, त्याची फळी कापून यंत्राचा भाग बनविला. २९ एप्रिल २०२३ रोजीं ते फ्रान्सच्या ले साब्ल-दोलोन बंदरांत शिरले, तेव्हां शर्यतींत दुसरे होते; आणि नौकेस तें दार नव्हतें.